सावळारामचा आवाज आलेला नाही

दौंड,
सोमवार, २२ मार्च १९७६

प्रिय सावळाराम,

उद्या तुमच्या टोळीतला म्हस्कू खांबांवरचे चिनीमातीचे कप न्यायला इथं येतोय, त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. पोस्टात टाकलं तर शुक्रवारच्या आत तुला मिळेल याची खात्री नाही, आणि फोनवर हे बोलायची माझी हिंमत नाही. मांडवगणच्या पोस्टात फोनभोवती चार माणसं उभी असतात हे एक कारण. दुसरं कारण तू वाचशीलच. आधी एकट्यानं वाच. घरी गीतावहिनींना दाखवायचं की नाही ते मग ठरव.

बासष्ट साली आपण दोघं शिरूरला वीज खात्यात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा मला उंचीची भीती वाटायची हे फक्त तुला माहीत होतं. साहेबानं मला खांबावर चढायला सांगितलं की तू मुद्दाम माझ्या हातातला पट्टा ओढून घ्यायचास आणि म्हणायचास, "ह्याला न्हाई जमत, ह्यो गाठी ढिल्या मारतो." लोक हसायचे, मी खाली उभा राहून दोर धरायचो. गाठी मी कधीच ढिल्या मारल्या नाहीत. माझी लाज झाकायला तू मला वेंधळा ठरवलंस, आणि मी तुला त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नाही. पुढं मी खात्याची परीक्षा दिली, तू दिली नाहीस. त्र्याहत्तरला दौंडच्या सबस्टेशनची खुर्ची मला मिळाली. पहिल्याच आठवड्यात तुझा फोन आला, तेव्हा मी वाट बघत होतो की तू "आनंदा" म्हणशील. तू "साहेब" म्हणालास. मी तुला थांबवलं नाही.

त्या खुर्चीवर बसल्यावर काय होतं ते तुला कुणी सांगितलं नसेल. इकडं कासुर्डीपासून तिकडं तुमच्या मांडवगणपर्यंत लाईन दुरुस्तीच्या नऊ टोळ्या, आणि मला त्यातली एकही दिसत नाही. दिवसभर नुसते आवाज. घरघर करणाऱ्या फोनमधून कुणी तरी सांगतो की काम चालू आहे, आणि ते खरंच चालू आहे की माणूस लिंबाखाली आडवा झालाय हे मला कळायला मार्ग नाही. आधीचे साहेब अधूनमधून सायकलीवर टांग मारून टोळीबरोबर भाकरी खाऊन यायचे. मला ते कमीपणाचं वाटलं. मी भिंतीवर काळा फळा लावला, नऊ टोळ्यांची नावं लिहिली, आणि नियम काढला की परमिट घेऊन लाईन बंद केल्यापासून दोन तासांत काम संपल्याचा निरोप आला पाहिजे. नाही आला तर नावापुढं लाल खडूची फुली, आणि तीन फुल्या झाल्या की मेमो. गेल्या वर्षी आणीबाणी आल्यापासून वरच्या साहेबांना असलं फार आवडायला लागलं. त्यांनी माझा फळा दुसऱ्या सबस्टेशनच्या लोकांना आणून दाखवला. फुल्या कमी झाल्या तसा मी खूष झालो. मग एकदा सहज कासुर्डीला गेलो, तर "काम पूर्ण" म्हणून कळवलेल्या खांबावर तुटका कप तसाच लटकत होता. लांबची माणसं मला खरं सांगायची बंद झाली होती. ते मला तिथं दिसलं, आणि तरी परत येऊन मी फळा पुसला नाही. उलट दोन तासांचा नियम आणखी कडक केला.

आता संक्रांतीनंतरचा तो मंगळवार. नदीकडच्या मळ्यातल्या खांबावरचा कप फुटला म्हणून तू सकाळी दहा वाजता परमिट घेतलंस. त्याच दिवशी एक वाजता त्याच लाईनवरच्या उपसा पंपाचं उद्घाटन होतं, कुणी मोठे पाहुणे बटण दाबणार होते. साडेअकरापासून वरून फोन सुरू झाले. लाईन कधी येणार? बारा वाजले, दोन तास भरले. तुझा निरोप नाही. सव्वाबाराला वरचे साहेब स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, "आनंदराव, तुमचा तो फळा काय भिंत सजवायला लावलाय का?" मी फोन ठेवला आणि लगेच पोस्टातून म्हस्कूचा फोन आला. लाईनीत इतकी खरखर होती की शब्द तुटून येत होते. मला ऐकू आलं ते एवढंच : "काम… झालं… लाईन…" आणि फोन कट झाला. तो काय म्हणत होता ते मला नंतर कळलं. "काम न्हाई झालं, अर्धा तास लाईन सोडू नका." पण सावळा, खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात शंका होतीच. म्हस्कूच्या आवाजात घाई होती, काम संपल्याचा सैलपणा नव्हता. मी ती शंका मुद्दाम बाजूला सारली, कारण मला "झालं" एवढंच ऐकायचं होतं.

ब्रेकरपाशी ऑपरेटर बन्सी होता. मी त्याला लाईन चालू करायला सांगितलं. त्यानं विचारलं, "सावळाराम सोता बोलला का?" मी म्हटलं, म्हस्कू बोलला, तेवढं पुरे. तो म्हणाला, "न्हाई साहेब. जो वर चढलाय त्यानं खाली उतरून सांगितल्याबिगर मी चालू करनार न्हाई. त्याचा आवाज मला आलेला न्हाई." मी त्याच्यावर ओरडलो. नोकरी जाईल म्हणालो. त्यानं ब्रेकरच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पेटीला पाठ लावून उभा राहिला. तो तिथून हलला नाही. "मला सस्पेंड करा," म्हणाला, "मानूस जित्ता ऱ्हाऊ द्या." मी त्याची कॉलर धरली. होय, धरली. किल्ली त्याच्या खिशातून काढायला माझा हात गेला होता. बाहेर शिपाई आल्याची चाहूल लागली म्हणून मी मागं झालो. माझ्या चांगुलपणानं नाही. मग टेबलाशी बसून मी रिपोर्ट लिहिला, की ऑपरेटरनं स्पष्ट हुकूम मोडला, आणि तो लगेच शिपायाबरोबर जीपनं वर पाठवला.

एक वाजून पाच मिनिटांनी तुझा फोन आला. "साहेब, खाली उतरलो, लाईन सोडा." तू धापा टाकत होतास. मी विचारलं, किती वेळ वर होतास? तू म्हणालास, "सकाळी वर बसलो त्यो आत्ता उतरतोय, बोल्ट गंजला व्हता." लाईन जमिनीला जोडून ठेवायची साखळी त्या दिवशी तुझ्यापाशी नव्हती. ती कासुर्डीच्या टोळीला द्यायला मीच लावलं होतं. म्हणजे बन्सीनं माझं ऐकलं असतं, तर तुझ्या आणि अकरा हजार व्होल्टच्या मधे काहीच नव्हतं.

मी तेव्हा रिपोर्ट मागं घ्यायला हवा होता. जीप पाटसपर्यंतही पोचली नसेल. मी घेतला नाही. उद्घाटन हुकलं, पाहुणे निघून गेले, कुणाला तरी दोष द्यायचा होता, आणि माझा कागद तयारच होता. दोन दिवसांत बन्सी सस्पेंड झाला. पहिल्या जबानीत मी सांगितलं की काम संपल्याचा निरोप स्वच्छ ऐकू आला होता. ऑफिसात लोक बोलले, सवलतीनं नोकरी मिळाली की असला माज येतो. बन्सी आणि त्याची बायको ताईबाई आमच्या मागच्या वस्तीत राहतात. बाबासाहेबांच्या जयंतीला तो मला दर वर्षी आग्रहानं बोलावतो. त्याच्या घराण्यात महिन्याचा पगार घेणारा तो पहिला माणूस. मी ते बोलणं ऐकलं आणि मान खाली घालून फायली चाळत बसलो.

तुला मात्र एवढंच कळलं की तू उतरल्याचं कळवल्यावरही बन्सीच्या हलगर्जीपणामुळं लाईन उशिरा आली. गावानं तुला बोल लावले, आणि तू होळीला माझ्याकडं आलास तेव्हा माझ्या शेजारी बसून पुरणपोळी खात त्याला शिव्या दिल्यास. म्हणालास, "आनंदा, तू व्हतास म्हणून निभावलं." तीन वर्षांनी तू मला आनंदा म्हणालास, आणि तो शब्द मी चोरासारखा घेतला. आमची साखरबाई वाढता वाढता थांबली आणि आत गेली. तिला सगळं माहीत होतं. कारण आदल्याच आठवड्यात बन्सी आमच्या दारात येऊन गेला होता. सस्पेंड माणसानं टोळीतल्या कुणाशी बोलायचं नाही असं मीच त्याला बजावलं होतं, आणि त्यानं ते पाळलं. घरात आला नाही, काही मागितलं नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं, "सावळाराम बरा हाय नव्हं? म्हस्कूला कुनी रागं भरलं न्हाई ना?" मी म्हटलं, बरे आहेत. तो गेला. तू गेल्यावर साखरबाई मला म्हणाली, "तुमी लिवताय का मी यष्टीनं मांडवगणला जाऊन सांगू?" आठ दिवस मी तिला उद्या-उद्या म्हणत होतो.

येत्या शुक्रवारी, सव्वीस तारखेला, सकाळी अकरा वाजता इथल्या ऑफिसात बन्सीची शेवटची चौकशी आहे. त्या दिवशीची लॉगबुक माझ्या कपाटात आहे, मी ती आजवर बाहेर काढलेली नाही. तिच्यात बारा पंचवीसला बन्सीनं लिहिलंय : "निरोप अपुरा. सावळारामचा आवाज आलेला नाही. लाईन चालू केली नाही." ती मी टेबलावर ठेवणार आहे आणि माझी आधीची जबानी खोटी होती हे सांगणार आहे. पण ती नोंद बन्सीच्याच हातची. साहेब म्हणतील, मागाहून लिहिली, आणि तुम्ही दोघांनी आता संगनमत केलं. बारा पंचवीसला खांबावर माणूस होता हे सांगू शकणारे जगात दोघेच आहेत, तू आणि म्हस्कू. तुम्हाला साक्षीला बोलावलेलं नाही, कारण यादी मी केली होती. तरी या. सकाळच्या पहिल्या यष्टीनं निघालात तर वेळेत पोचाल. तू किती वाजता चढलास, किती वाजता उतरलास, म्हस्कूला काय निरोप देऊन पाठवलंस, एवढंच सांगायचं. मला वाचवायला एक शब्दही बोलू नकोस. आणि ऑफिसात येण्याआधी वस्तीत बन्सीच्या घरी जा. तू जिवंत का आहेस हे तुला ठाऊक झालंय, एवढं त्याला तुझ्या तोंडून कळू दे.

तुझाच म्हणायचा हक्क राहिला असेल तर तुझाच,
आनंदा