माझ्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी

जमणार नाही, असं तिला तोंडावर सांगितलं. ऐकेल तर माझी बायको कसली!

तिच्या गळ्यात गाठ आहे, ती काढायची आहे. पंचवीस तारीख मिळाली. घाबरण्यासारखं काही नाही म्हणते. “फक्त त्यानंतर बोलायचं नाही. म्हणून जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही करायची. मोठ्यानं. मला ऐकू आली पाहिजे.”

मी म्हटलं, चर्चच्या पाळकसाहेबांना सांगू की. “ते काय रोज आपल्याकडे जेवायला येणार आहेत?”

बाप्तिस्मा घेऊन मला जेमतेम दोन महिने झालेत. त्याआधी वर्षानुवर्षं दर रविवारी तिला चर्चच्या दारात सोडायचं आणि बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचं, एवढाच माझा धर्म. प्रार्थना हे तिचं खातं. मी आमेन म्हणतो. भूक लागली असेल तर जरा लवकरच म्हणतो.

पण ठरवलं. अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवली, मला एक प्रार्थना शिकता येऊ नये? शिकणार!

५ फेब्रुवारी

पहिला धडा. हात जोडा, डोळे मिटा. हात जोडले. डोळे मिटले की उजवा पाय आपोआप जमीन दाबतो! सारा जन्म शिकाऊ माणसाशेजारी बसण्यात गेला. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक, आणि पाय कायम त्यावर. आमच्या धंद्यात डोळे मिटणं म्हणजे मरण.

ती टेबलाखाली वाकून माझा पाय बघत होती. इतकी हसली की खोकत सुटली. आवाज पार फाटलाय तिचा. किती महिने झाले बसलाय.

८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा मोठ्यानं केली. हे प्रभू, डॉक्टरांना आदल्या रात्री नीट झोप लागू दे. सकाळी वेळेवर उठव. हात थरथरू देऊ नकोस. भूल देणाऱ्याकडेही लक्ष ठेव, आधी गाठीचा अंदाज घे, मग सावकाश डावीकडून—

टेबलावर दोनदा टकटक.

ही माझीच खूण. क्लासमध्ये डॅशबोर्डवर दोनदा टकटक म्हणजे ब्रेक, एकदा म्हणजे चल पुढे. लग्नानंतर तिला गाडी मीच शिकवली, तेव्हापासून तिला पाठ. आता माझ्यावरच उलटली.

“अहो, देवाला रस्ता माहीत आहे,” म्हणाली. “तुम्ही नुसते बसा त्याच्याशेजारी.”

नुसतं बसायचं! तेच तर कधी जमलं नाही.

९ फेब्रुवारी

परत टकटक. ततपप झालं, जेवण गार झालं. उद्या परत.

१२ फेब्रुवारी

आज फजिती! बँकेतल्या बाई शिकायला येतात. मोकळ्या मैदानात गोगलगाईच्या गतीनं गाडी मागे घेत होत्या. म्हटलं, इथे काय होणार आहे, क्षणभर डोळे मिटून बघावेत. मिटले. लगेच पायानं कचकन ब्रेक! बाईंचा चष्मा मांडीवर.

“काय चुकलं माझं?”

“तुमचं काही नाही. मी प्रार्थना करत होतो.”

बाईंचा चेहरा एवढासा झाला. “सर, इतकी वाईट चालवते का हो मी?”

घरी येऊन सांगितलं. बायकोला हसून हसून पाणी प्यावं लागलं. तिला असं हसवायला रोज एक चष्मा पाडायची माझी तयारी आहे.

१६ फेब्रुवारी

पाळकसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, “डोळे उघडे ठेवा की! शब्द सापडले नाहीत तर गप्प बसा. पण पळून जाऊ नका.”

एवढंच? एवढंच म्हणे.

१९ फेब्रुवारी

डोळे उघडे ठेवून, तिच्याकडे बघून केली. चार वाक्यं. टकटक नाही! “पास,” म्हणाली. मी पाय बघितला. दाबलेलाच होता. तिला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी

तिला दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांना एकदा भेटतो म्हटलं, तर म्हणे, “माझं सगळं बोलणं झालंय. क्लास बुडवू नका.” मीही फार ताणून धरलं नाही. खरं सांगायचं तर भीतीच वाटत होती.

आज मात्र तिच्या तोंडाला खळ नव्हती. बहिणीशी फोनवर तासभर बोलली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला गाणं म्हणून दाखवलं, त्या फाटक्या आवाजात! मध्येच मला हाक, “अहो!” काय? “काही नाही.” परत, “अहो!” काय गं? “काही नाही. सहज.” शेवटी मी वैतागलो, पाणी हवंय की उशी, एकदाच काय ते सांग म्हटलं.

२५ फेब्रुवारी

गाठ पूर्ण निघाली. धोका टळला म्हणतात.

स्वरयंत्रही काढलं. डॉक्टर म्हणाले, “आवाज राहणार नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नाही?”

काही दिवस नाही. कायमचं. आणि काल मी वैतागलो तिच्यावर.

२७ फेब्रुवारी

प्रार्थना केली नाही. रागावलोय. तिच्यावर, डॉक्टरवर, आणि वर बसलेल्यावरही. सगळ्यांना ठाऊक होतं, मीच एक गाढव!

१ मार्च

रागातच तिच्या खाटेशी बसलो. पळून गेलो नाही, एवढंच. तिच्या हातात पाटी दिलीय बोलायला. विचारलं, का नाही सांगितलंस?

तिनं बराच वेळ लावून लिहिलं. “तुम्ही ब्रेक मारला असता.”

मारला असता. शंभर टक्के. दुसरा डॉक्टर, तिसरा डॉक्टर, काढे, चूर्णं, थांब, घाई नको. आणि ती गाठ काही माझ्यासाठी थांबली नसती.

खाली आणखी एक ओळ होती. “आणि शिकलाही नसतात.”

मी रडलो. तीही रडली, आवाज न करता. ते बघवलं नाही.

२१ मार्च

काल घरी आणली. आज दोघं टेबलाशी. ताटं वाढली. ती माझ्याकडे बघत बसली.

पाय खुर्चीच्या दांडीवर घेतले, दोन्ही. हात जोडले. डोळे मिटले. हे प्रभू, म्हटलं, ही जिवंत आहे. आणि तिथेच घोडं अडलं. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. म्हटलं, झालं, आता डोळे उघडावेत, जेवावं.

टेबलावर टकटक झाली. एकदाच.

पुढे गेलो.