डावीकडे दोन सूत

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार
दुसरा लेट मार्क! सायकलचं मागचं चाक डावीकडे फ्रेमला घासतं, दुप्पट जोर लागतो. कारखान्याचं फाटक साडेसातचं, पोचले सात चौतीसला. आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे मुख्य हिंदुराव म्हणाले, "महिनाअखेर तुम्हाला कायम करायचं आहे. तिसरा मार्क लागला, तर माझ्या हातात काही नाही." नकाशाच्या कामाला बाई घेतली ती त्यांच्याच शब्दावर. मी "बरं" म्हटलं.

४ फेब्रुवारी
चिंचवड स्टेशनजवळ सोपानरावांचं सायकलचं दुकान. त्यांनी चाक एकदा फिरवलं. "रिम गेली, बाई. नवी टाका." तोवर चाक खाचेत जरा तिरकं सरकवून नट आवळले. "झालं की सरळ!"
दिसतं सरळ. चालते तिरकी.

५ फेब्रुवारी
पायी गेले. पंचावन्न मिनिटं. वेळेत. टाचेला फोड.

६ फेब्रुवारी
संध्याकाळी आत्याच्या अंगणात चाक काढलं आणि उलटं बसवलं, डावी बाजू उजवीकडे. दोष चाकाचा असता तर आता उजवीकडे घासलं असतं. डावीकडेच घासलं! चाक निर्दोष.
मग दोरा. फ्रेमच्या पुढच्या नळीला वळसा, दोन्ही टोकं मागे चाकाच्या खाचांपर्यंत ताणून बांधली. सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर – उजवीकडे सव्वा इंच, डावीकडे दीड. फरक पाव इंच, म्हणजे दोन सूत. फ्रेमच वाकली आहे!
आत्या म्हणाली, "एकटीच काय हसतेस गं?"
हसत नव्हते.

८ फेब्रुवारी, शनिवार
दुकानात दोरा काढला. सोपानराव – "सायकलीला झंपर शिवताय व्हय?" बाकावरचे दोघे खो खो हसले. मी दोरा बांधला, पट्टी सोपानरावांच्या हातात दिली. त्यांनी मोजलं. परत मोजलं.
"च्यायला! – माफ करा, बाई. दोन सूतच हाय की!"
फ्रेम आडवी घातली. त्यांचा पाय पायडलच्या नळीवर, मागचे दांडे हातात. दोरा माझ्याकडे, सूचनाही माझ्या. "ओढा. अजून. थांबा!" जास्त झालं – एक सूत उजवीकडे. उलटं ओढलं. चौथ्या खेपेला दोन्हीकडे सारखं. अगदी सारखं!
बाकावरून – "राव, तुमची रिम खपायची ऱ्हायली!"
"गप रं. – बाई, आता हात सोडून चालवून बघा. नाकासमोर गेली तर मापात."
"तुम्हीच बघा."
"मला कुठं येतीय सायकल!"
वीस वर्षांचं दुकान!

९ फेब्रुवारी
सकाळी सहा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हात सोडले. तारेचे सोळा खांब मोजले – नाकासमोर! मी ओरडले. काय ओरडले ते इथेही लिहिणार नाही.

१० फेब्रुवारी
सात चौदा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
तिसरा मार्क लागला नाही. कायम झाले! हिंदुरावांनी कागद दिला आणि माझ्याआधी स्वतःच हसले. सोबत कारखान्याच्या वसाहतीत खोली. फाटकापासून दोनशे पावलं.

२ मार्च, रविवार
सामान लागलं. कामावर जायला आता सायकल लागणार नाही. शेजारीण विचारत होती, विकणार का. नाही म्हटलं.
मोशीच्या रस्त्याने इंद्रायणीपर्यंत जाऊन येते. काम काही नाही.