उद्यापासून वर्गावर

३ जुलै
मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण संपलं. मुख्याध्यापक हा ऑफिस सांभाळणारा कारकून नव्हे, शिकवण्याचा नेता आहे, असं सांगितलं. मला हे आधीपासूनच ठाऊक होतं. संकल्प: उद्यापासून रोज एकेका वर्गात मागच्या बाकावर बसायचं. पहिला मान दहावीच्या गणिताच्या बाईंना. नव्या आहेत आणि त्यांनी स्वतःच बोलावलंय. मुलांना अपूर्णांकसुद्धा येत नाहीत, बोर्डाला कसा निभाव लागणार, म्हणाल्या. म्हटलं, मी आहे ना!

४ जुलै
गेलो नाही. मुलींच्या संडासाचा नळ तुटला. प्लंबर येईपर्यंत जातीने उभा राहिलो. नेत्याने आघाडीवरच असावं.

११ जुलै
वरून फोन. कसलीशी माहिती तासाभरात पाठवा. ती पाठवतोय तोवर संस्थेचे सचिव टपकले. चहा, मग त्यांच्या भाच्याची ॲडमिशन. बाई दारात डोकावून गेल्या. हातानेच ‘उद्या’ अशी खूण केली. समजूतदार आहेत.

२ ऑगस्ट
आज निघालोच. पण व्हरांड्यातच कळलं, दहावीत नुसता कालवा! मुलं एकमेकांना ओरडून गणित समजावतायत, एक पोरगा तर फळ्यापाशी जाऊन बाईंशीच वाद घालतोय. आणि बाई हसतायत! आत जायची गरजच उरली नाही. अनुभवी माणसाला दारातून कळतं. बाईंना ऑफिसात बोलावून बजावलं, टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. म्हणाल्या, सर, पाच मिनिटं आत बसला असतात तर... हल्ली कुणाला चार शब्द सांगायची सोय नाही.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, तुमच्या वर्गात कधी कुणी हसलं होतं का? बायकोला शाळेतलं काय कळतं.

२० ऑगस्ट
दहावी चिडीचूप. बाई फळ्यावर लिहितात, मुलं मुकाट उतरवून घेतात. हे व्हरांड्यातूनच पाहिलं. स्टाफ मीटिंगमध्ये बाईंचं तोंडभरून कौतुक केलं. टाळ्या पडल्या. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. लाजाळू आहेत.

१४ ऑक्टोबर
सहामाहीत जवळजवळ अख्खी दहावी गणितात नापास. पेपरच अवघड काढला असणार. उद्या वर्गावर जाऊन मुलांना धीर द्यायचा.

१५ ऑक्टोबर
जिल्ह्याची मीटिंग. विषय: मुख्याध्यापकांनी वर्गावर जावं. संध्याकाळ झाली.

३ नोव्हेंबर
बाईंचा राजीनामा. म्हटलं, थांबा हो, उद्या नक्की येतो तुमच्या वर्गावर. नमस्कार करून गेल्या. वाईट वाटलं. खरंच वाटलं. सचिव म्हणतात, आता अधेमधे माणूस मिळणार नाही, तुम्हीच घ्या दहावी. हरकत नाही. मी बी.एस्सी., तेही गणितात. बोर्डाला अजून अवकाश आहे.

१२ नोव्हेंबर
अखेर वर्गावर गेलो. तयारी कशाला हवी? बापलेकाच्या वयाचं गणित घेतलं. फळाभर सोडवलं. शेवटी लेकाचं वय बापापेक्षा जास्त आलं. आता कुणीतरी ओरडणार म्हणून हळूच मागे वळलो. सगळ्यांच्या माना वहीत. पहिल्या बाकावरची मुलगी त्या उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारत होती.

कुणाला काही शंका, विचारलं. नाही सर, म्हणाले सगळे एका सुरात.