प्रतीक्षा यादीतलं पहिलं नाव

प्रिय सुजाता,

परवा सकाळी तो ई-मेल आला. प्रयोगशाळेत शिरता शिरता तू रोज "आला का गं?" म्हणून ज्याची चौकशी करायचीस, तोच. तुला सांगितल्याशिवाय त्याला उत्तर देणं मला योग्य वाटेना, म्हणून हे पत्र.

मजकूर अगदी नेटका आहे. परदेशातील संशोधनाच्या फेलोशिपमध्ये 'एक जागा रिक्त झाल्यामुळे' ती प्रतीक्षा यादीतील पहिल्या उमेदवाराला, म्हणजे मला, देऊ केली आहे. शुक्रवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. रिक्त! त्या शब्दाकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिले. जागा का रिक्त झाली हे पत्रात लिहिण्याची रीत नसते, हे मला कळतं. पण तू गेलीस म्हणून ती रिक्त झाली, हे मला माहीत असताना तो ई-मेल मी इतरांसारखा कसा वाचू?

आपली मुलाखतीच्या तयारीची पद्धत आठवते ना? काचसामान निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायचा आणि तो थंड होईपर्यंत एकमेकींचे प्रस्ताव मांडायचे. माझा तू, तुझा मी. कारण साधं होतं. आपलं लिखाण आपणच वाचतो तेव्हा न लिहिलेलंही त्यात वाचतो. तेच दुसरीच्या तोंडून ऐकलं, की कुठे काय राहून गेलं ते लख्ख दिसतं. मी तुझा प्रस्ताव मांडू लागले, की तू चष्मा नाकाच्या टोकावर आणून निवड समितीची अध्यक्ष व्हायचीस. "हे सगळं ठीक आहे मॅडम, पण याने कांदा स्वस्त होणार की महाग?" मी गांभीर्याने मुळापासून सुरुवात करायचे आणि तू टेबलावर डोकं टेकायचीस. "शर्वरी, उत्तर देते आहेस की तास घेते आहेस? समिती झोपली बघ!"

पण तुझा तो संशोधनाचा प्रश्न होताच इतका देखणा, की थोडक्यात सांगावासा वाटतच नसे! कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्यातले दोन कांदे घ्यायचे. एकाच शेतातले, एकाच दिवशी काढलेले, अगदी शेजारी शेजारी ठेवलेले. हवा तीच, ओलही तीच. तरी एकाला काळी बुरशी लागते आणि दुसरा दिवाळीपर्यंत टणक राहतो. असं का? तुझं अनुमान असं, की उत्तर कांद्यात नाही, त्याच्या सालीवर वस्तीला असलेल्या जिवाणूंत आहे. मग टिकलेल्या कांद्याच्या सालीवरचे जिवाणू नव्या कांद्यांवर सोडून पाहायचे, तेही तगतात का. किती सरळ प्रयोग! मी तो पाठ केला होता. आता मात्र 'दोन्ही शेजारी शेजारी होते' या वाक्याच्या पुढे मला जाता येत नाही.

निकालाच्या दिवशी यादीत तुझं नाव होतं आणि माझं प्रतीक्षेत. मी काही बोलण्याआधी तूच बोललीस. "पहिली आहेस, पहिली! कोणीतरी सोडतंच गं. एखादीचं लग्न ठरतं, एखाद्याला घरचे सोडत नाहीत. दोघी जाऊ, बघ तू." कोणीतरी जागा सोडावी याची आपल्या दोघींत खरी घाई तुलाच होती. हे आठवलं, की मला बसल्या जागेवरून उठून उभं राहावं लागतं.

आणि तो ताप? तो अंगावर का काढलास गं? पिंपळगावकडच्या चाळींतले नमुने संपल्यावर डॉक्टरांना दाखवू म्हणालीस. तुलनेसाठी कंट्रोल ठेवल्याशिवाय कोणालाही निष्कर्ष काढू न देणारी तू! स्वतःच्या तापाबाबत मात्र 'दगदगीमुळे असेल' हा निष्कर्ष चालता चालता काढून मोकळी झालीस. मी तुझा हात धरून तुला रक्ततपासणीला नेलं असतं, पण तू एकदा हसून 'नाही' म्हणालीस की पुढे कोणाचं काही चालायचं नाही. यावर भांडायला तरी तू हवी होतीस.

माझी अवस्था तुला ठाऊकच आहे. तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचं. द्राक्षांच्या सालीवरच्या यीस्टचं काम जिथे अडलंय, तिथून पुढे नेणारी उपकरणं इथे नाहीत. आपल्या गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "शर्वरी, तुझ्या मनात काय चाललंय ते समजतं मला. पण पुढच्या वर्षी तू वयोमर्यादेत बसणार नाहीस." तरीही मी नकाराचा मसुदा लिहिला. पाठवण्याआधी काल तुझ्या घरी गेले. दुसऱ्या कोणाकडून कळण्याऐवजी लेकीच्या जागेचं हे काका-काकूंना माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू होता.

काकू शाळेच्या वह्या तपासत होत्या. तथागतांच्या मूर्तीशेजारी तुझा फोटो होता, पदवीदानाचा. काका पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. मी सांगितलं. काकांनी पेपरची घडी घातली.

"एवढ्यात भरली पण? परवा-परवा तर पुण्यानुमोदनाचा विधी झाला तिचा. नवी बॅग अजून कपाटावर आहे, तिचं लेबलसुद्धा काढलेलं नाही." एवढं बोलून ते आत निघून गेले.

"काकू, मी नाहीच म्हणणार आहे," मी म्हटलं. "तिची जागा मी कशी घेऊ?"

काकूंनी लाल पेन खाली ठेवलं. "तिची जागा? फेलोशिप म्हणजे काय सातबारा आहे का गं, तिच्या नावावरून तुझ्या नावावर चढायला? तिची मुलाखत तिने दिली, तुझी तू दिलीस. तू नाही म्हटल्याने ती परत येणार आहे का? सांग ना!"

मग त्यांचाच आवाज खाली आला. "मला वाईट वाटत नाही, असं नाही म्हणणार मी. वाटतंय. तू निघशील तेव्हा तुला सोडायला येणार नाही मी. तेवढं नाही जमायचं मला. पण जा तू."

काका बाहेर आले ते चेहऱ्यावर पाणी मारून. सगळी नोकरी कारकुनीत गेलेला माणूस तो. समोर बसून त्यांनी नीट चौकशी सुरू केली. "मला क्रमाने सांग. तू नकार कळवलास, तर पुढे काय होतं?"

"यादीतल्या पुढच्या नावाला विचारतात, काका."

"ते नाव कोणाचं?"

"माहीत नाही. देशातलं कोणीही असेल."

"आपल्या सुजाताला ओळखणारं?"

"नाही."

"म्हणजे ती जी कोण असेल ती जाईल, काम करील, नाव कमावील. चांगलंच आहे. पण आधी इथे कोण होतं, हे तिला कळणारही नाही." ते किंचित पुढे झुकले. "मग तू जा. आणि कोणी विचारलं की बाई, तू कशी आलीस, तर अर्धवट सांगू नकोस. सगळं मुळापासून सांगायची सवय आहे ना तुला? आमची सुजाता हसायची त्या सवयीला. तसंच सांग. मुळापासून."

काकूंनी मान दुसरीकडे वळवली. मला मात्र तिथेच रडू कोसळलं. मग काकूंनीच उठून पाणी दिलं.

रात्रभर विचार करून मी मनाशी काही गोष्टी नक्की केल्या आहेत. 'तुझं स्वप्न मी पूर्ण करीन' असं मी लिहिणार नाही. तुझं स्वप्न तुझं होतं. ते दुसऱ्या कोणाच्या हाताने पूर्ण होत नाही, आणि तसं म्हणणं म्हणजे तुझी भरपाई झाल्यासारखं दाखवणं. तुझा कांद्याचा प्रश्नही मी सोबत नेणार नाही. तो इथल्या चाळींतला आहे, इथेच तपासला जायला हवा. मॅडम तो पुढे चालवणार आहेत आणि शोधनिबंधावर पहिलं नाव तुझंच राहील, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी माझं द्राक्षांचं काम करणार आहे. ते माझ्या कुवतीने होईल तेवढं होईल. बिघडलं तर त्याचं ओझं तुझ्या आठवणीवर टाकणार नाही, आणि साधलं तर ते तुझ्या आशीर्वादाने झालं असंही म्हणणार नाही. तुला ते आवडलं नसतं. "पुरावा काय?" असं विचारलं असतंस!

हे पत्र संपलं की मी होकार पाठवणार आहे. आनंदाने पाठवते आहे असं खोटं लिहीत नाही. पूर्ण विचाराने पाठवते आहे.

आणि हे वचन. काकू मला सोडायला येणार नाहीत. मी त्यांना आग्रह करणार नाही, आणि परत आल्यावर सर्वांत आधी त्यांच्याच दारात उभी राहीन. तिथल्या पहिल्या दिवशी कोणीतरी माझ्याशी हात मिळवून अभिनंदन करील. त्यांना धन्यवाद देण्याआधी मी तुझं नाव सांगेन.

तुझी,
शर्वरी
नाशिक