भरल्या पानावरून

पवनी, २५ सप्टेंबर १९७४

चि. शकुन हिस अनेक आशीर्वाद.

भारताच्या गड्यांनी पुण्यात डेव्हिस कपच्या टेनिसमध्ये रशियाला हरवल्याचे दुकानातल्या रेडिओवर ऐकले, आता अंतिम सामना तेवढा उरला. आपला हमाल चिंधू पाठीवरचे पोते खाली टाकून विचारू लागला, आपली शकुन हेच खेळते ना?

तुझ्या आईचा पारा मात्र चढलेला आहे. पोरीच्या जातीने कायले धावावे आणि लाखांदूरच्या स्थळाला काय सांगावे, असे रोज ऐकवते. शेवटी चिडून मी बोलून बसलो, की भारताने डेव्हिस कप आणला तर शकुन आणखी दोन वर्षे नागपुरात खेळेल. नाहीतर हॉस्टेल सोडून घरी. दुकानात चार माणसे होती. मी शब्द फिरवत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तुझा बाबा,
गोपीचंद

नागपूर, २ नोव्हेंबर १९७४

ती. बाबांस शकुनचा शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र आल्यापासून हॉस्टेलातले वर्तमानपत्र सर्वांच्या आधी मी ओढते. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी पडला आणि आता आपला संघ खेळणारच नाही. तिथे कातडीच्या रंगावरून माणसांना वेगळे बसवतात, म्हणून आपण नाही म्हटले. कप न खेळताच त्यांना मिळणार.

बाबा, मी खूप रडले. एकदा खेळून टाकले असते तर काय बिघडले असते, असेही मनात आले आणि मग त्याचीच लाज वाटली. आपल्या संघाने केले ते बरोबर केले. तुमचा शब्द मोडा असे मी म्हणणार नाही. ट्रंक भरली आहे, रॅकेट मैत्रिणीला देऊन येते. फक्त लाखांदूरला लगेच होकार कळवू नका, एवढी माया करा.

तुमची,
शकुन

पवनी, ७ नोव्हेंबर १९७४

चि. शकुन हिस अनेक आशीर्वाद.

तू लहान असताना मोहाडीला एका व्यापाऱ्याकडे लग्न होते. चिंधूला सोबत नेले होते. माझे पान मांडवात मांडले, त्याचे गोठ्याजवळ. उठावे असे फार वाटले, पण पानात बुंदी पडली होती, चार मोठी माणसे शेजारी होती. मी जेवलो. वर विडाही खाल्ला. परतीच्या एसटीत माझी पिशवी चिंधूनेच मांडीवर धरली होती.

काल हे तुझ्या आईला पहिल्यांदा सांगितले. मग काहून नाही उठले, असे तिने विचारले.

त्या मुलांनी हातातोंडाशी आलेला कप सोडला. तुझी दोन वर्षे गेली, तरी तू त्यांना बरोबर म्हणतेस. माझा शब्द मी मागे घेतला आहे. त्याच चार माणसांना दुकानात बोलावून तसे सांगितले. लाखांदूरला आईनेच नकार कळवला.

दिवाळीला ये, रॅकेट घेऊनच ये. या वेळी चिंधूचे पान आपल्या पंगतीत, माझ्या शेजारी मांडायचे आहे. सांगायला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने अजून हो म्हटलेले नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा बाबा,
गोपीचंद