मोटारीचं मागचं दार

अकोला, मे १९६१. बुधवार, संध्याकाळ.

आज कोर्टासमोर ड्यूटी होती. अमरावतीच्या एका वकिलाची मोटार भर उन्हात उभी. काचा बंद, आत त्याचा कुत्रा जीभ काढून आडवा पडलेला. पुढचं दार ओढलं, तर कुलूप. मग दंड्यानं काच फोडली, कुत्र्याला बाहेर काढून रांजणातलं पाणी पाजलं. वाचला बिचारा.

वकील आला. पलीकडे जाऊन त्यानं मागचं दार नुसतं ओढलं. उघडंच होतं.

"काहून फोडली काच, हवालदार? हे दार ओढून पाहायचं नं."

"नाही सुचलं, साहेब."

लोक हसले. कुत्राही शेपूट हलवत त्याच्याकडे गेला.

उद्या फौजदारसाहेबांपुढे जबाब द्यायचा आहे. मागचं दार का नाही पाहिलं? इतकी वर्षं नोकरी केली, एवढं साधं सुचू नये?

आत्ता खोलीवर आलो, खिशातली किल्ली चाचपली, तेव्हा उमगलं. बायको वारल्यापासून रोज या कुलपाशीच येऊन उभा राहतो. बिनकुलपाचं दार असतं, हेच विसरून गेलो मी.

साहेबांना मात्र घाईत सुचलं नाही, एवढंच सांगेन.