बोधगयेपर्यंत टिकेल अशी टोपी

२० मार्च २००२, बुधवार

महाड. चवदार तळ्यावर आज दरवर्षीसारखी गर्दी. सकाळपासून आमच्या वाडीच्या पाणपोईवर उभा होतो. बोटं भिजून सुरकुतली.

दुपारी हिंगोलीकडचे एक बाबा आले. सत्तरीच्या पुढचे. सायकलवरून. हिंगोली ते महाड, सायकलवरून! डोक्यावर रुंद काठाची गवती हॅट, चेहरा एकदम शांत. दोन तांबे पाणी प्यायले, पत्ता लिहून दिला, कधीतरी या म्हणाले आणि गेले.

तेव्हापासून एकच विचार. जन्मभर लोक आमच्याकडे येतात. उन्हातान्हातून, कुठून कुठून. आम्ही त्यांना पाणी पाजतो आणि आपल्या गावी, कापड्याला, परत येऊन जेवतो. पन्नाशी आली. मी कुठे गेलो? साताऱ्याला. मेव्हण्याच्या लग्नाला.

निश्चय: येती बुद्धपौर्णिमा, २६ मे, बोधगयेत. सायकलने.

बाबांना या वयात जमलं ते कशामुळे, याचा शांतपणे विचार केला. पाय मलाही आहेत. सायकल माझीही चांगली आहे. फरक फक्त हॅटचा.

२४ मार्च, रविवार

विहारात वंदना झाल्यावर उभा राहून निश्चय जाहीर केला. टाळ्या. जानू लगेच ओरडला, मी पण येतो. जानू माझा शाळेपासूनचा सोबती. मुंबईची गिरणी बंद पडल्यापासून गावातच भात लावतो. त्याला म्हटलं, अभ्यास करावा लागेल, तयारी लागेल. तर म्हणाला, तयारी कसली रे गणू, चेनला तेल घातला की झाला. हा माणूस विचार करत नाही. मला दोघांचा करावा लागणार.

१५ एप्रिलला, जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, निघायचं.

घरी येताना बायको, मंजुळा, झपझप पुढे चालली. दारात चप्पल काढताना म्हणाली, सगल्या वाडीसमोर बोललात. आता जावाच. नाय गेलात तर पुढच्या वीस मार्चला मी पाणपोईवर येनार नाय. लोकांना काय तोंड दाखवू?

म्हटलं, मी जाणारच आहे. शब्द दिलाय.

२८ मार्च, गुरुवार

टोपीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिलं पाहिजे. लोक पाहत नाहीत.

पांढरी टोपी: काठ नाही. ती उन्हासाठी नाही, भाषणासाठी आहे. बाद.

रंगवाल्याच्या दुकानातून फुकट मिळालेली क्रिकेटची टोपी: कपाळ वाचतं, मान भाजते. उलटी घातली तर मान वाचते, नाक भाजतं. मग दोन टोप्या एकावर एक, एक पुढे आणि एक मागे, घालून अंगणात फिरलो. काम उत्तम. पण सूनबाई शर्मिला तोंडाला पदर लावून आत पळाली आणि राजेंद्र म्हणाला, आबा, असे पोलादपूरच्या स्टॅंडवर जाऊ नका. मुलगा एमआयडीसीत नोकरी करतो, पण नजर जुनाट.

विहारात बाबासाहेबांचा हॅट घातलेला फोटो आहे. तशी हॅट मिळते. पण त्यांच्यासारखी हॅट मी घालायची? नाही. मनाला पटलं नाही. बाद.

२ एप्रिल, मंगळवार

महाडला भंगारवाल्याकडे जुन्या साहेबाची खाकी टोपी सापडली. हलकी, टणक, आत हवा खेळायला जागा, वर भोक. व्हेंटिलेशन! हीच.

एसटीने पोलादपूरला उतरलो आणि तिथून ती घालून सायकलने कापड्याला आलो. फाट्यावर गावातली चंद्रभागा सातबाऱ्याचा कागद घेऊन धावत आली. सायेब, सायेब, आमचा आंबा वाचवा, रस्ता दोन फूट पलीकडून न्या, पाया पडते. मागून आणखी तिघं. रुंदीकरणाच्या मोजणीचा साहेब समजले. टोपी काढून म्हटलं, अगो, मी गणू. तर म्हणाली, मग डोक्यावर ह्ये काय घातलंस मेल्या, जीव गेला ना माझा!

टोपी निर्दोष आहे. लोकांच्या मनात साहेबाची भीती आहे, त्याला टोपी काय करणार.

३ एप्रिल, बुधवार

टोपीत ढेकूण. मंजुळाने काठीने उचलून परसात टाकली. शील पाळणारा माणूस असल्याने जाळू दिली नाही.

७ एप्रिल, रविवार

जानूने हायवेवरच्या हॉटेलातून एक गवती टोपी आणली. कोणी मुंबईकर गोव्याहून येताना विसरून गेला. पुढे लाल अक्षरात गोवा. म्हटलं, बोधगयेला गोवा लिहिलेली टोपी घालून जायचं? जानू म्हणाला, एक अक्षर तर जुळतं.

तरी टेस्ट घेतली. सावित्रीच्या पुलावर वारा आला आणि टोपी खाली नदीत. बराच वेळ तरंगत गेली. फार हलकी. बाद.

१२ एप्रिल, शुक्रवार

आता दुसऱ्याच्या जुन्या टोप्या बंद. स्वतः डिझाइन करायचं. पोलादपूरच्या बाजारात बनुबाई टोपल्या विणते, तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. बांबूची, रुंद काठाची, चहूबाजूंनी सावली, वरून हवा जाईल अशी. तिने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, किती पिलं बसवायचीत?

म्हटलं, माझं डोकं बसवायचं आहे. ती हसली नाही. माप घेतलं. लग्नसराईमुळे सुपं आणि रोवळ्या आधी, टोपी मागाहून. म्हणजे १५ तारखेला निघणं शक्य नाही. दोष बनुबाईचाही नाही, माझाही नाही. लग्नांचा आहे.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. मिरवणुकीत ज्याने त्याने विचारलं, उद्या ना? सगळ्यांना सांगितलं, २४ ला. तांत्रिक कारण.

भन्ते आले होते. त्यांनाही टोपीचं सांगितलं. ते हळूच म्हणाले, भगवान पंचेचाळीस वर्षं चालले. उघड्या डोक्याने.

मी नमस्कार केला. वाद घालण्याची जागा नव्हती. पण त्या काळी झाडी होती. रस्ते डांबरी नव्हते. डांबराचं ऊन वेगळं.

१५ एप्रिल, सोमवार

पोलादपूरच्या ऑफिसची रजा आजपासून सुरू. टोपी नाही. विश्रांती घेतली. मोठ्या प्रवासाआधी शरीर साठवून ठेवणं महत्त्वाचं. जानू रोज सकाळी महाबळेश्वर रस्त्याने घाटात सायकल मारून येतो. दमून जाईल.

२२ एप्रिल, सोमवार

टोपी आली! काय काम आहे! डोक्यावर ठेवली की खांद्यापर्यंत सावली. हनुवटीखाली बांधायला काथ्याची दोरी. वजन थोडं आहे, पण चांगल्या वस्तूला वजन असतंच. आरशात पाहिलं. आरशात मावली नाही.

उद्या कशेडी घाटात अंतिम टेस्ट. परवा पहाटे प्रस्थान.

२३ एप्रिल, मंगळवार

कशेडीच्या चढावर टोपी उत्तम. सावली गडद. मनात आलं, असाच नागपूरपर्यंत.

उतारावर वारा काठाखाली शिरला. टोपी वर उठली आणि दोरीमुळे मीही वर उठायला लागलो. सायकल खाली जाते आहे, हनुवटी आभाळाकडे. समोरचं काही दिसेना. मागून ट्रकवाला ओरडला, ओ काका, छत्री बंद करो! ब्रेक मारला, गटाराच्या कडेला पडलो. कोपर खरचटलं. गळ्याला दोरीचा वळ.

निष्कर्ष: टोपीचं डिझाइन बरोबर आहे, दोरीचा कोन चुकला. चार दिवसांचं काम.

२४ एप्रिल, बुधवार. पहाट

जानू फाट्यावर उभा. कॅरिअरला पिशवी, डोक्याला लग्नात मिळालेला टॉवेल गुंडाळलेला. बाकी काही नाही. वाडीतली पंधरावीस माणसं निरोपाला.

त्याला दोरीचं समजावलं. चार दिवस थांब म्हटलं. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, गणू, टोपीला काय व्हतं रे, चल ना. सोबत असली की झाला.

म्हटलं, असं कसं? डोकं महत्त्वाचं.

त्याने कॅरिअरवरची पिशवी पुन्हा घट्ट बांधली. मग म्हणाला, बरा तर, मी पुढं जातो. तू ये मागनं, गाठशील मला. निघताना त्याला हिंगोलीच्या बाबांचा पत्ता दिला आणि सांगितलं, त्यांची हॅट नीट बघ. कुठे घेतली, काठ किती, दोरी कुठून काढली, सगळं विचार.

मंजुळाने त्याला भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. रात्री माझ्यासाठी केलेल्या होत्या.

२५ एप्रिल, गुरुवार

मंजुळा बोलत नाही. फक्त जेवायला वाढते. टॉवेल उन्हात तापतो, घामाने चिकटतो, सुटून चाकात जातो. जानू साताऱ्याहून परत येईल.

३० एप्रिल, मंगळवार

जानू साताऱ्याहून परत आला नाही.

दोरी दोन बाजूंनी, मग चार बाजूंनी बांधून पाहिली. मग ठरवलं, वारा सोडा, आधी उष्णता मोजू. भर दुपारी टोपी घालून अंगणात उभा राहिलो. एकाच जागी, न हलता, आनापान करत. श्वास आत, श्वास बाहेर. किती वेळ गेला माहीत नाही. मग ओटीवर आडवा होतो आणि मंजुळा डोक्यावर ओला टॉवेल ठेवत होती. म्हणाली, बोधगया अंगनातच गाठली का?

चक्कर उन्हाने नव्हती. सकाळी फक्त चहा घेतला होता. तरी टॉवेल बराच वेळ राहू दिला, कारण गार होता.

१० मे, शुक्रवार

गावच्या दुकानातल्या फोनवर जानू. हिंगोलीहून! पोचला! बाबांच्या घरी उतरलाय. आवाज खरखरत होता, पण खूष. मी आधी हॅटचं विचारलं.

जानू म्हणाला, हॅट? ती बाबांची नाय रे. नातवाची. नातवाला पायजे म्हनून बाबांनी तवा महाडच्या बाजारातच घेतली, तुमच्या पानपोईवर यायच्या जरा आधी. हातात सायकल, पिशवी भरलेली, म्हनून डोक्यावर ठेवली. येताना जाताना बाबांच्या डोक्यावर काय नव्हता. आता पोरगा ती घालून क्रिकेट खेळतो. मी घालून बघितली, मला बारीक होते.

मग म्हणाला, तू कुठवर आलास?

लाइन खराब असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

विचार करता, बाबांचं वय पाहता त्यांना नीट आठवत नसणार. डोक्यावर एखादी वस्तू कायम असली की माणूस ती विसरतो.

११ मे, शनिवार

काल लिहिलेलं परत वाचलं. बाबांना आठवत नसेल असं म्हणणं बरोबर नाही. चुकीचं बोलू नये. पण मग त्यांनी पाणी पिताना ती डोक्यावर का ठेवली? काढायला हवी होती.

१८ मे, शनिवार

पिवळ्या कोंबडीची पिलं निघाली. मुंगूस फिरतंय. संध्याकाळी परसात गेलो तर माझी टोपी पालथी ठेवलेली, खाली कोंबडी आणि पिलं, वर एक दगड. दोरी मंजुळाने कापून कपडे वाळत घालायला बांधली.

तिला म्हटलं, ही वस्तू मी प्रवासासाठी करून घेतली आहे. ती म्हणाली, मग काढा पिलं बाहेर, मुंगसाला आनंद होईल.

काढली नाही. प्राणिमात्रांबद्दल करुणा आधी, टोपी नंतर. व्हेंटिलेशन उत्तम आहे, पिलं मजेत आहेत. डिझाइन सिद्ध झालं.

२६ मे, रविवार

बुद्धपौर्णिमा.

सकाळी जानूचा फोन. पोचलो रे गणू. मधे दोन दिवस ट्रकात सायकल टाकली, पाय सुजलेवते. (म्हणजे पूर्ण सायकलने गेला नाही. टोपी नसल्याचा परिणाम. त्याला बोललो नाही.) मागून खूप माणसांचा आवाज येत होता, बुद्धं सरणं. म्हणाला, तुज्या नावाची मेणबत्ती लावली. पैली तुजी लावली.

बरं म्हटलं आणि फोन दुकानदाराकडे दिला.

विहारात गेलो नाही. तिथे सगळे जमले असणार. सायकल काढली आणि चालवत राहिलो. पोलादपूर, हायवे, मग तसाच पुढे महाड. ऑफिसला पोलादपूरपर्यंत जातो, पण महाडपर्यंत सायकलने आजवर कधी गेलो नव्हतो. नेहमी एसटी.

भर बारा वाजता तळ्यावर पोचलो. पायऱ्यांवर बसलो. गर्दी नव्हती. अकोल्याकडचं एक कुटुंब आलेलं होतं. त्यातल्या मुलीने विचारलं, काका, तुम्ही कुठून आलात? म्हटलं, कापड्याहून. सायकलने. तिची आई म्हणाली, अगंबाई, एवढ्या उन्हाचे? आणि त्यांच्या बाटलीतलं पाणी मला दिलं.

इथे आजवर मी किती जणांना पाणी दिलं असेल. मला कोणी दिलं नव्हतं.

तिन्हीसांजेला घरी परत. मंजुळा ओटीवर होती. मला पायापासून वर बघत गेली आणि डोक्यावर येऊन थांबली.

म्हणाली, अवो, उगड्या डोक्यानं गेलावतात?

टोपी परसात कोंबडीवर होती. क्रिकेटची टोपी खुंटीवर. टॉवेल दोरीवर वाळत.

डोक्यावर हात ठेवून पाहिला. गरम होतं. बाकी काही झालेलं नव्हतं.